मलावीत स्वयंसेवी अस्थिशल्यचिकित्सक म्हणून जाताना: तयारीपासून परतीनंतरच्या कामापर्यंत

महाराष्ट्रात एम.एस. किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी पूर्ण करून काही वर्षे ट्रॉमाचे, म्हणजे अपघाती जखमांचे, काम केलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाला आफ्रिकेतील सरकारी रुग्णालयात काही आठवडे किंवा महिने स्वयंसेवा करण्याची इच्छा झाली, तर त्याला लागणारी माहिती एका जागी सापडत नाही. नोंदणीचे नियम एकीकडे असतात, लसींचे दुसरीकडे, आणि प्रत्यक्ष वॉर्डात व ऑपरेशन थिएटरमध्ये कसे वागावे हे तर कुठेच लिहिलेले नसते. मी हे काम मलावीत केले आहे, म्हणून हा लेख त्या देशापुरता ठेवला आहे. टांझानिया, इथिओपिया किंवा झांबियाला जाणाऱ्यांनाही यातील बराच भाग उपयोगी पडेल.

मलावी हा टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्यामध्ये वसलेला, सुमारे दोन कोटी लोकसंख्येचा, मुख्यतः शेतीवर जगणारा देश आहे. तेथील सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत होतात. ब्लँटायरचे क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल, लिलाँग्वेचे कामुझू सेंट्रल हॉस्पिटल आणि झोम्बा व म्झुझू येथील सेंट्रल हॉस्पिटल अशी चार मोठी केंद्रे आहेत आणि त्यांच्याखाली जिल्हा रुग्णालये आहेत. जागतिक शल्यचिकित्सेवरील लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये सांगितले की जगातील सुमारे पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. एखादे रुग्णालय शस्त्रक्रियेसाठी सक्षम आहे की नाही, हे ओळखण्यासाठी त्या आयोगाने तीन कसोट्या ठरवल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या, म्हणजे कातडी फाटून जखम झालेल्या, अस्थिभंगावरील उपचार. तिसरी कसोटी थेट आपल्या क्षेत्रातली आहे, आणि मलावीतील जिल्हा पातळीवर तिच्यात उत्तीर्ण होणारे हात वाढवणे हाच तुमच्या जाण्याचा खरा उपयोग आहे.

१. आधी तेथील व्यवस्था समजून घ्या

मलावीत अस्थिशल्यचिकित्सक फार थोडे आहेत, पण याचा अर्थ तिथे हाडांवर उपचार करणारे कोणी नाही असा नव्हे. १९८५ पासून त्या देशात ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसर तयार केले जातात. हे डॉक्टर नसतात. वैद्यकीय क्षेत्रातील मूलभूत शिक्षण आणि अनुभव घेतलेल्यांना अस्थिरोगाचे अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन ते घडवले जातात. हाड बसवणे, प्लास्टर घालणे, ट्रॅक्शन म्हणजे वजनाची ओढ लावणे, उघडी जखम धुऊन साफ करणे, सांध्यातील पू काढणे, वाकड्या पायाने जन्मलेल्या बाळांना पोन्सेटी पद्धतीने प्लास्टर घालणे, हे सगळे जिल्हा रुग्णालयांत तेच करतात. देशातील बहुसंख्य अस्थिभंगांवर यांच्याच हातून उपचार होतात.

आपल्याकडच्या पदव्यांच्या उतरंडीची सवय असल्याने पाहुणा डॉक्टर त्यांना प्लास्टर टेक्निशियन समजतो आणि तिथेच काम बिघडते. वीस वर्षे ट्रॅक्शन लावलेल्या क्लिनिकल ऑफिसरला त्यातले जे कळते, ते सी-आर्मखाली (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली) नेल (हाडाच्या पोकळीतला धातूचा दांडा) घालत आलेल्या आपल्यापैकी अनेकांना कळत नाही. तो तुमचा सहकारी आहे, आणि तुम्ही गेल्यानंतर तुमच्या रुग्णांकडे पाहणारा माणूसही तोच आहे.

डॉक्टरांचे शल्यशिक्षण पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेच्या कॉसेक्सा या महाविद्यालयामार्फत चालते. त्याची स्थापना १९९९ ची असून मुख्यालय टांझानियात अरूशा येथे आहे. मोठ्या रुग्णालयात तुम्हाला त्याच्या फेलोशिपची तयारी करणारे निवासी डॉक्टर भेटतील. तुम्ही ज्या काळात जाणार आहात त्या काळात त्यांच्या परीक्षा आहेत का, हे आधीच विचारून घ्या.

२. संस्था निवडा आणि लेखी आमंत्रण मिळवा

मार्ग साधारण तीन आहेत. पहिला, एमएसएफ म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्थेतून जाणे. ही संस्था युद्ध आणि आपत्तीच्या ठिकाणी काम करते. २०११ मध्ये अफगाणिस्तानातील कुंदुझ येथे तिने सुरू केलेले ट्रॉमा रुग्णालय ऑक्टोबर २०१५ मध्ये हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त झाले. तिथे जाणाऱ्याने हा धोका घरच्यांशी बोलून पत्करायचा असतो, आणि तिथला भर मुख्यतः तातडीच्या उपचारांवर असतो. दुसरा मार्ग प्रशिक्षणावर भर देणाऱ्या संस्थांचा आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेली वर्ल्ड ऑर्थोपेडिक कन्सर्न, १९८६ पासून काम करणारी हेल्थ व्हॉलंटिअर्स ओव्हरसीज आणि अलीकडची एओ अलायन्स ही त्यातील परिचित नावे आहेत. तिसरा मार्ग म्हणजे रुग्णालयातील विभागप्रमुखाशी थेट पत्रव्यवहार करून आमंत्रण मिळवणे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरा मार्ग धरावा असे माझे मत आहे, कारण राहण्याची सोय, नोंदणी आणि विम्याची चौकट तयार मिळते आणि आधी जाऊन आलेल्यांशी बोलता येते. कोणताही मार्ग धरला तरी आमंत्रणाच्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणत्या तारखा, कोणाच्या देखरेखीखाली, कोणते काम, आणि रुग्णालयाला नेमके काय शिकून हवे आहे. चौथी गोष्ट पत्रात नसेल तर ती विचारून लिहून घ्या. दोन आठवड्यांची भेट शिकवण्यासाठी अपुरी पडते. किमान चार ते सहा आठवडे काढता येत नसतील तर थांबावे आणि रजा जमवून मग जावे.

३. कागदपत्रे

तयारीला किमान पाच-सहा महिने धरा. लागणारी कागदपत्रे अशी:

– निघण्याच्या तारखेपासून सहा महिन्यांपेक्षा अधिक मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट
– एम.बी.बी.एस. आणि पदव्युत्तर पदवीची प्रमाणपत्रे
– महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, पदव्युत्तर पदवीच्या नोंदीसह
– गुड स्टँडिंग प्रमाणपत्र (नोंदणी चालू आहे आणि कारवाई झालेली नाही, असे कौन्सिलचे पत्र)
– अनुभवाची प्रमाणपत्रे आणि दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांची शिफारसपत्रे
– पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र
– रुग्णालयाचे आमंत्रणपत्र
– मेडिकल कौन्सिल ऑफ मलावीकडे तात्पुरत्या नोंदणीसाठी केलेला अर्ज आणि शुल्काची पावती
– पिवळ्या तापाच्या लसीचे कार्ड
– प्रवास विमा, ज्यात आजारी पडल्यास दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे
– सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि मंजूर रजेचा आदेश

महाराष्ट्रातील डॉक्टरांची अडचण बहुतेक वेळा नावापाशी होते. आपल्या गुणपत्रिकांवर आणि पदव्यांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर तो वेगळा असतो, आणि कधी मधले नावच नसते. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टर महिलांच्या बाबतीत तर पदवी एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा असतो. परदेशी कौन्सिलमधील कारकुनाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. म्हणून एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, आणि नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र व महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नोंद, हे सुरुवातीलाच जोडा.

दुसरी अडचण नोंदणीच्या नूतनीकरणाची. दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण राहिले असेल, क्रेडिट गुण कमी पडत असतील, तर गुड स्टँडिंग प्रमाणपत्राचे काम अडते आणि पुढची सगळी साखळी थांबते. हे प्रमाणपत्र काही महिन्यांपुरतेच ग्राह्य धरले जात असल्याने ते फार लवकरही काढून ठेवू नये. पदव्यांवर राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल (परदेशात ग्राह्य धरला जाणारा प्रमाणीकरणाचा शिक्का) मागितले जाऊ शकते. भारत आणि मलावी हे दोन्ही देश अपॉस्टिल करारात असल्याने दूतावासाचे वेगळे साक्षांकन करत बसावे लागत नाही.

व्हिसा पर्यटकाचा घेऊन रुग्णालयात काम करू नका. थोडे दिवस आहेत, कोण विचारतो, असे सांगणारे भेटतील. नोंदणी आणि योग्य परवान्याशिवाय केलेली शस्त्रक्रिया ही तेथील कायद्याच्या दृष्टीने बेकायदा असते, आणि काही विपरीत घडले तर त्याचा भार आमंत्रण देणाऱ्या सहकाऱ्यावर पडतो. तुमच्या व्यावसायिक विम्याची हद्दही तपासा. आपल्याकडील बहुतेक पॉलिसी भारतातील कामापुरत्या असतात.

४. लसी, मलेरिया आणि सुईची जखम

मुंबईहून मलावीला जाताना बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जावे लागते. इथिओपिया आणि केनिया हे पिवळ्या तापाचे देश असल्याने ही लस घ्यावीच. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. कार्ड नसेल तर परतताना भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

मलेरिया तिथे वर्षभर आहे आणि तो मुख्यतः फाल्सिपेरम प्रकारचा आहे. प्रतिबंधक गोळ्या नियमाने घ्या आणि परतल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवा. डॉक्सिसायक्लिन असेल तर ती मुदत चार आठवड्यांची आहे. मलावी सरोवर अतिशय सुंदर आहे, पण त्याच्या काठच्या पाण्यात बिल्हार्झिया या परजीवी आजाराचे जंतू असतात, हे पोहण्याआधी लक्षात ठेवा.

एचआयव्हीचे प्रमाण तेथील प्रौढांमध्ये भारताच्या कित्येक पट आहे. अस्थिशल्यचिकित्सेत के-वायरची (हाड धरून ठेवणाऱ्या बारीक तारेची) टोके, हाडाच्या धारदार कडा आणि ड्रिलमुळे उडणारे रक्त यांचा धोका मोठा असतो. दोन जोड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा, यात कधीही सवलत घेऊ नका. रुग्णालयात पाऊल ठेवल्याच्या दिवशीच सुई टोचल्यास घ्यायची एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे कुठे ठेवली आहेत आणि रात्री किल्ली कोणाकडे असते हे विचारा. ही औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. हेपटायटिस बीची लस घेतली असली तरी निघण्यापूर्वी प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्या.

५. सोबत काय न्यावे आणि काय नेऊ नये

स्वतःसाठी डोक्याला लावायचा चांगला दिवा न्या, कारण वीज शस्त्रक्रियेच्या मध्येही जाते. तेथील प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असल्याने अडॅप्टर लागतो. आवडत्या पुस्तकांच्या प्रतींपेक्षा शिकवण्यासाठी तयार केलेले साहित्य पेन ड्राइव्हवर न्या. इंटरनेट महाग आणि संथ असू शकते.

इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे धातूचे भाग, नेण्याबाबत सावध राहावे. आपल्याकडे इम्प्लांट तुलनेने स्वस्त असल्याने बॅगभर प्लेट आणि स्क्रू न्यावेत असा मोह होतो. पण ज्या लॉकिंग प्लेटचे स्क्रू तिथे पुन्हा मिळणार नाहीत, ज्यांचा स्क्रूड्रायव्हर तुमच्यासोबत परत येणार आहे, त्या प्लेट पुढच्या सर्जनला काढताही येत नाहीत. अर्धवट संच हा मदत नसून पुढच्या सर्जनवर टाकलेला भार आहे. रुग्णालयाने यादी पाठवली असेल तरच, त्या यादीप्रमाणे, पूर्ण संच आणि त्याची सर्व उपकरणे कायमची देण्यासाठी न्या. सोबत देणगीपत्र, वस्तूंची यादी आणि रुग्णालयाचे स्वीकृतिपत्र ठेवा, नाहीतर सामान कस्टममध्ये अडकते. मुदत संपत आलेली औषधे अजिबात नेऊ नका. पोहोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे.

६. पहिला आठवडा हातात सुरी घेऊ नका

हे सांगणे अनेकांना पटत नाही, पण मी आग्रहाने सांगतो. पहिले काही दिवस सकाळच्या बैठकीला बसा, वॉर्डात फिरा, प्लास्टर रूममध्ये उभे राहा, बाह्यरुग्ण विभागात क्लिनिकल ऑफिसरच्या शेजारी खुर्ची घ्या. सी-आर्म चालू आहे का, एक्स-रेच्या फिल्म आहेत का, रक्तपेढीत रक्त मिळते का, भूल कोण देतो, जखमेची प्लास्टिक सर्जरी करणारे कोणी आहे का, हे पाहा. ऑटोक्लेव्ह स्वतः जाऊन पाहा. किती दाबाला, किती वेळ आणि कोणत्या निदर्शकाने निर्जंतुकीकरण तपासले जाते हे समजल्याशिवाय कुठल्याही बंद अस्थिभंगात धातू घालू नका. बंद मोडलेले हाड ट्रॅक्शनवर वाकडे जुळले तर माणूस लंगडत का होईना चालतो; त्यातच नेलभोवती जंतुसंसर्ग झाला तर त्या रुग्णाला पुढची कित्येक वर्षे सुटका नसते.

रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकाला तिथे सगळे ‘गार्डियन’ म्हणतात. रुग्णालयाच्या आवारात चूल मांडून मक्याच्या पिठाचे न्सिमा शिजवणे, रुग्णाला आंघोळ घालणे, कूस बदलणे, कपडे धुणे हे सर्व गार्डियन करतो. नर्सची संख्या इतकी कमी असते की तुमच्या सूचना प्रत्यक्षात आणणारा माणूस बहुधा तोच असतो. व्यायाम आणि पिनेची निगा त्याला दाखवा. इंग्रजी ही कामकाजाची भाषा असल्याने सहकाऱ्यांशी अडत नाही, पण रुग्णांशी बोलण्यासाठी चिचेवामधील थोडे शब्द शिकून घ्या: ‘मुली ब्वांजी’ म्हणजे कसे आहात, ‘झिकोमो’ म्हणजे आभारी आहे, ‘पेपानी’ म्हणजे माफ करा, ‘म्वेंदो’ म्हणजे पाय.

७. मांडीचे हाड: ट्रॅक्शन आणि नेल

वॉर्डात सर्वांत जास्त खाटा अडवणारा अस्थिभंग हाच आहे. प्रौढांच्या मांडीच्या हाडासाठी मलावीत पर्किन्स ट्रॅक्शन दीर्घकाळ वापरले गेले आहे, आणि आपल्याकडील नव्या पिढीने ते पाहिलेले नसल्याने ते थोडे विस्ताराने सांगतो. नडगीच्या वरच्या भागातून डेनहॅम पिन ही धातूची सळई घातली जाते. बाहेरच्या बाजूचा मज्जातंतू सांभाळण्यासाठी ती बाहेरून आत घालावी. वजन साधारण शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास लावतात आणि खाटेचे पायथ्याचे टोक उचलतात. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की खाटेचा पायाकडील भाग काढता येतो, त्यामुळे रुग्ण उठून बसून गुडघा वाकवण्याचा व्यायाम काही दिवसांतच सुरू करतो. हाड जुळायला सहा आठवडे किंवा अधिक लागतात, पण गुडघा आखडत नाही आणि स्नायू टिकतात. दर फेरीला टेपने दोन्ही पायांची लांबी मोजणे, पायाचा रोख बघणे आणि पिनेभोवतीची जखम तपासणे ही तीन कामे चुकली तर मात्र पाय आखूड किंवा वाकडा होतो. ट्रॅक्शन हे सोडून दिलेल्या रुग्णाचे नव्हे, रोज लक्ष देण्याचे उपचार आहेत.

तरीही ट्रॅक्शनची किंमत मोठी आहे. घरातला कमावता माणूस दीड-दोन महिने खाटेवर आणि त्याच्यासोबत गार्डियनही. पेरणीच्या हंगामात हे घडले तर पुढच्या वर्षीची चूल अडचणीत येते. मलावीत झालेल्या तुलनात्मक अभ्यासांतही नेल घातलेले रुग्ण लवकर कामाला लागल्याचे दिसले आहे. म्हणून निर्जंतुकीकरण भरवशाचे असेल तिथे नेल शिकवणे हे तुमचे महत्त्वाचे काम ठरते.

इथे साइन नेलची ओळख करून घ्या. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलँड येथे डॉ. लुईस झर्कल यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली साइन ही संस्था सी-आर्म नसलेल्या रुग्णालयांसाठी भरीव स्टेनलेस स्टीलचा इंटरलॉकिंग, म्हणजे आडव्या स्क्रूंनी हाडाला अडकवायचा, नेल बनवते. रीमिंग (हाडाची पोकळी रुंद करणे) हाताने केले जाते. खालचे छिद्र शोधण्यासाठी बाहेरचा जिग (नेम धरून देणारी चौकट) आणि नेलमधील फट हाताला जाणवून देणारे शोधक उपकरण वापरतात. सहभागी रुग्णालयांना नेल मोफत मिळतात. त्या बदल्यात प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद आणि एक्स-रे संस्थेच्या संगणकीय नोंदवहीत भरावे लागतात आणि त्यानुसार वापरलेले नेल भरून दिले जातात. तपासणीला आलेल्या रुग्णाचा उकिडवे बसून हसतानाचा फोटोही त्यात असतो. तो गुडघा, नितंब आणि वेदना यांची एका नजरेत होणारी परीक्षा असते.

सी-आर्मवर वाढलेल्या सर्जनला ही पद्धत सुरुवातीला अवघड जाते. निघण्यापूर्वी तिचे तंत्र वाचा, चित्रफिती पाहा आणि तिथे पहिल्या काही शस्त्रक्रियांत स्थानिक सर्जनचे सहायक म्हणून उभे राहा. तो तुम्हाला शिकवेल. त्यानंतर रीडक्शन (मोडलेले हाड जागेवर आणणे) कसे सुधारावे, जुन्या न जुळलेल्या हाडाला कसे हाताळावे, कोणत्या रुग्णाला नेल घालू नये, हे तुम्ही त्याला सांगू शकता.

८. उघडे अस्थिभंग

सायकल टॅक्सी, मोटारसायकल आणि माणसांनी भरलेले छोटे ट्रक यांच्या अपघातांत नडगी उघडी पडलेले रुग्ण येतात, आणि जखम होऊन एक दिवस किंवा अधिक उलटलेला असतो. गस्टिलो आणि अँडरसन यांचे उघड्या अस्थिभंगांचे १९७६ चे वर्गीकरण सर्वांना तोंडपाठ असते; अडते ते पहिल्या तासांत.

तुम्ही जिल्हा पातळीवर शिकवायचा क्रम साधा आहे. रुग्ण आल्याबरोबर प्रतिजैविक आणि धनुर्वाताचे इंजेक्शन. जखमेचा फोटो काढून ओल्या निर्जंतुक कापडाने झाकणे, म्हणजे प्रत्येक जण ती उघडून पाहणार नाही. स्प्लिंट. नंतर भूल देऊन भरपूर पाण्याने धुणे आणि मेलेला प्रत्येक भाग काढणे. धुण्यासाठी दाबाचे यंत्र नाही म्हणून कोणी खंत करत असेल तर त्याला सांगा, की २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह अनेक देशांत झालेल्या फ्लो चाचणीत जास्त दाबाचा काहीही फायदा दिसला नाही, आणि साबणाच्या पाण्यापेक्षा साधे सलाइन सरस ठरले. उंचीवर टांगलेली सलाइनची बाटली पुरते. सलाइन संपले असेल तर उकळून थंड केलेले पाणी वापरावे, पण पाणी कमी आहे म्हणून धुणे कमी करू नये.

त्यानंतर एक्सटर्नल फिक्सेटर (पिनांनी हाड बाहेरून धरणारी चौकट), जखम उघडी, आणि दोन दिवसांनी पुन्हा थिएटर. ताण देऊन शिवलेली जखम पहिल्या दिवशी नीटनेटकी दिसते आणि आठवड्याने पू घेऊन येते; हा मोह नवख्या हाताला हमखास होतो, म्हणून प्रत्येक वेळी समोर उभे राहून थांबवा. हाड उघडे राहणार असेल तर गॅस्ट्रोक्नेमिअस आणि सोलिअस या पोटरीच्या स्नायूंचे फ्लॅप (जखमेवर फिरवून ती झाकणे) शिकवा. हे कौशल्य तिथे राहिले तर अनेक पाय वाचतील. जिथे पाय वाचणार नाही तिथे कापण्याचा निर्णय लांबवू नका, पण तो रुग्ण, गार्डियन आणि घरातील वडीलधारे यांच्याशी स्थानिक सहकाऱ्यानेच बोलून घ्यावा.

९. मुले

नोव्हेंबर ते जानेवारी हा आंब्यांचा हंगाम. झाडावरून पडलेल्या मुलांच्या कोपराच्या वरच्या आणि मनगटाजवळच्या अस्थिभंगांनी प्लास्टर रूम भरून जाते. आंब्याच्या दिवसांत कोकणातल्या रुग्णालयांत काम केलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. या काळात जाणार असाल तर सुप्राकाँडायलर, म्हणजे कोपराच्या वरच्या, अस्थिभंगांवरच लक्ष एकवटा: नाडी आणि बोटांची हालचाल तपासून लिहिणे, प्लास्टर गोल न घालता स्लॅब (एकाच बाजूचे प्लास्टर) देणे, बोटे ताणल्यावर मूल कळवळले तर प्लास्टर तत्काळ कापणे. सी-आर्म नसेल तर सरळ हाताचे ट्रॅक्शन हा सुरक्षित पर्याय आहे, आणि तो लाजिरवाणा मुळीच नाही. लहान बाळाचा खांदा सुजला आणि ते हात हलवत नसेल तर सांध्यातील पू समजून वागा. मलावीत अशा बाळांत साल्मोनेला हा जंतू अनेकदा सापडतो, हे प्रतिजैविक निवडताना ध्यानात ठेवा.

१०. शिकवण्याची रीत

सुरी कोणाच्या हातात आहे, याची रोज नोंद ठेवा. भेटीच्या शेवटी बहुतेक शस्त्रक्रिया स्थानिक सहकाऱ्यांनी केलेल्या आणि तुम्ही सहायक असलेल्या असाव्यात. निवासी डॉक्टरांच्या वाट्याची प्रकरणे पाहुण्याने घेणे हा या क्षेत्रातला सर्वांत सामान्य अन्याय आहे आणि त्याबद्दल तिथे कोणीही तोंडावर बोलत नाही. मलावीत पाहुण्याला विरोध करणे असभ्य मानले जाते. मान डोलावली म्हणजे पटले असे समजू नका. ‘समजले का’ याऐवजी ‘उद्या मी नसलो तर या रुग्णाचे तुम्ही काय कराल’ असे विचारा.

ड्रिल आणि स्क्रूचा सराव लाकडी दांडके, बांबू आणि पीव्हीसी पाइपवर चांगला होतो. प्लास्टर मोल्ड करणे, वेज कापून कोन सुधारणे, एक्सटर्नल फिक्सेटरच्या पिनांची जागा, यांची छोटी प्रात्यक्षिके दुपारी थिएटर संपल्यावर घ्या. आठवड्यातून एकदा जिल्हा रुग्णालयात जाता आले तर तिथला एक दिवस मोठ्या शहरातील तीन दिवसांच्या तोलाचा असतो. फेलोशिपच्या उमेदवारांसाठी तोंडी परीक्षेचा सराव घ्या. हे त्यांना मनापासून हवे असते.

एक गोष्ट भारतीय डॉक्टरांनी विशेष पाळावी. आफ्रिकेतून उपचारांसाठी भारतात येणारे रुग्ण अनेक असल्याने तुमच्याकडेही विचारणा होईल. स्वयंसेवेच्या काळात कोणत्याही रुग्णाला आपल्या खासगी रुग्णालयाकडे वळवू नका, तसा नुसता शब्दही देऊ नका. त्याने तुमच्या सगळ्या कामाकडे संशयाने पाहिले जाईल, आणि ते योग्यच असेल. रुग्णांचे फोटो परवानगीने, फक्त शिकवण्यासाठी आणि चेहरा झाकून काढा.

११. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

शेवटच्या आठवड्यात नवी मोठी शस्त्रक्रिया लावू नका. तुम्ही सहभागी असलेल्या प्रत्येक रुग्णाची यादी करा: काय केले, काय बाकी आहे, टाके कधी, एक्स-रे कधी, कोण बघणार. ती छापून वॉर्डात, प्लास्टर रूममध्ये आणि विभागप्रमुखाकडे द्या. जंतुसंसर्ग झालेले आणि बिघडलेले रुग्ण त्यात सर्वांत वर असू द्या.

परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करा आणि डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्या. पुण्या-मुंबईत डेंग्यू समजून वेळ गेलेला परवडत नाही.

सहकाऱ्यांशी एक्स-रेवर चर्चा फोनवरून चालू ठेवता येते. मलावी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, त्यामुळे त्यांची सकाळची बैठक आपल्या दुपारच्या बाह्यरुग्ण विभागाआधी गाठता येते. रुग्णाचे नाव आणि क्रमांक झाकूनच प्रतिमा पाठवाव्यात, आणि उत्तर त्याच दिवशी द्यावे. आठवड्याने आलेल्या सल्ल्याचा त्यांना उपयोग नसतो. पुन्हा जायचे ठरले तर दुसरा देश शोधण्यापेक्षा त्याच रुग्णालयात, शक्य असल्यास त्याच निवासी डॉक्टरांच्या परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी जा. तारखा ठरवताना गेल्या वेळच्या यादीतील रुग्णांना त्या काळात तपासणीला बोलावता येईल का, हे विभागप्रमुखांना विचारा आणि त्यांच्या नोंदी निघण्यापूर्वीच मागवून घ्या.